आभासी यंत्रांचा कारभार

यंत्रांचा इतिहास लिहिण्याची जी रूढ पद्धति आहे, तींत यंत्र कोणीं शोधून काढलें, तें कोठें बसविलें, त्यास खर्च किती आला, ह्या गोष्टींस पहिला मान मिळतो. यंत्र बसविल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून तें चालवितो कोण, रात्रीं त्याजवर नजर कोण ठेवितो, तें बिघडल्यास कोणाच्या नांवानें हांक मारावयाची, ह्याचा उल्लेख एखाद्या टीपेंतहि सांपडत नाहीं. किल्ला कोणीं बांधला हें बखरकार सांगतो. कारखानिसानें त्याची कोठी कशी राखिली हें दप्तरांतून शोधावें लागतें. संगणकाच्या बाबतींतहि तोच प्रकार आहे. ऐरोली, महापे, पनवेल ह्या बाजूस डेटा सेंटर म्हणून ज्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांविषयीं वर्तमानपत्रें लिहितात. परंतु त्यांतील सर्व्हरांच्या पोटीं असलेलीं हजारों आभासी यंत्रें ज्या चार-दोन ओळींच्या लेखी हुकुमांनीं उठतात, बसतात आणि नाहींशीं होतात, त्या हुकुमांचा इतिहास मराठींत कोणीं लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. अशा हुकुमांच्या यादीस धंद्यांतील लोक स्क्रिप्ट म्हणतात. आम्ही येथें आज्ञालेख हा शब्द योजितों; वाचकांस याहून बरा शब्द सुचल्यास आमचा आग्रह नाहीं.

आभासी यंत्र म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. नाहींतर पुढील मजकूर मंत्रासारखा वाटेल. आमच्या पालीच्या किनाऱ्यावरचाच दाखला घेऊं. उत्तन, पाली, चौक ह्या पट्ट्यांतील कोळी डोल जाळ्यानें बोंबील धरितात. हें जाळें समुद्राच्या तळाशीं रोवलेल्या खुंटांस बांधावें लागतें, आणि खुंट रोवून अशी जी जागा धरतात तिला येथें ‘कव’ म्हणतात. समुद्र एकच, पाणी एकच, भरतीओहोटीची ओढहि एकच; तरीपण प्रत्येक नाखव्यास आपली कव कोठें आहे हें पक्कें ठाऊक असतें, आणि आपल्या कवीपुरता तो जणूं स्वतंत्र समुद्राचा मालक असतो. पाण्यावर कुंपण नाहीं. कुंपण आहे तें रिवाजाचें. आभासी यंत्राची गोष्ट अशीच आहे. सर्व्हर एक; त्याची बुद्धि, स्मरण आणि सांठवण एक; परंतु हायपरव्हायजर नांवाचा एक कार्यक्रम त्याचे अदृश्य वांटे पाडतो, आणि प्रत्येक वांट्यास आपण स्वतंत्र यंत्र आहों असें भासवितो. एका वांट्यांत पतपेढीचे हिशेब चालतात, दुसऱ्यांत महाविद्यालयाचे निकाल. एकास दुसऱ्याची वार्ताहि नसते. वांटे पाडण्यांत हात सैल सोडला तर काय होतें, हेंहि ह्या किनाऱ्यास शिकवावयास नको. वसई-उत्तनचे मच्छीमार आणि उत्तरेकडील पालघर-डहाणूचे मच्छीमार यांच्यामध्यें कवींच्या हद्दीवरून वर्षानुवर्षें तंटे चालत आले आहेत. सर्व्हरावरहि एका शेजाऱ्यानें फार ओढून घेतलें म्हणजे दुसऱ्याचें काम खोळंबतें, आणि मग कोणी पंच लागतो.

ही कल्पना हल्लींची नव्हे. १९६७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स संस्थानांत केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत सीपी-४० नांवाची व्यवस्था कामास लागली. एका यंत्रावर एकाच वेळीं १४ आभासी यंत्रें तींत चालत. त्या काळीं यंत्र एवढें महाग होतें कीं, एका माणसाच्या विचार करण्याच्या वेळांत तें रिकामें बसूं देणें परवडत नसे; महागाई हीच ह्या शोधाची जननी होय. पुढें १९७२ सालीं व्हीएम/३७० ह्या नांवानें हीच व्यवस्था कंपनीनें बाजारांत आणिली, आणि १९७४ सालीं पोपेक व गोल्डबर्ग ह्या दोघां पंडितांनीं आभासी यंत्र खरें केव्हां म्हणावें ह्याच्या कसोट्या घालून दिल्या : त्यानें मूळ यंत्रासारखेंच वागावें, बहुतेक काम विनाअडथळा मूळ यंत्रावरच व्हावें, आणि साधनसामग्रीवरचा ताबा वांटणी करणाऱ्याच्याच हातीं राहावा. ह्यांतील तिसरी कसोटी वाचकांनीं मनांत ठेवावी. ताबा कोणाच्या हातीं, हाच प्रश्न ह्या लेखांत पुढें पुन्हां पुन्हां येणार आहे.

विशेष हें कीं, आज्ञालेखाचा जन्म आभासी यंत्राच्याच पाळण्यांत झाला. केंब्रिजची ती व्यवस्था पुरी होण्यापूर्वींच, १९६६ सालीं, स्टुअर्ट मॅडनिक यानें एक्झेक नांवाची सोय तींत केली. रोज ज्या दहा आज्ञा एकामागून एक टंकाव्या लागत, त्या एकदां लिहून ठेवाव्या आणि एका नांवानें हांक मारावी, इतकेंच तिचें मूळ रूप. आमच्या जुन्या दप्तरांत कामाचे रिवाज एकदां लिहून ठेवून त्याबरहुकूम कारकुनांनीं चालावें अशी चाल होती, तिच्याशीं हें अगदीं जुळतें. फरक एवढाच कीं येथें कागद वाचणारा कारकून स्वतः यंत्रच आहे, आणि तो जांभई देत नाहीं. १९७९ सालीं इंग्लंडांत आयबीएमच्याच नोकरींत असलेल्या मायकेल कौलिशॉ यानें रेक्स नांवाची याहून सुबोध भाषा रचावयास घेतली. ती कोणीं फर्मावली नव्हती. फावल्या वेळांत त्यानें ती केली, कंपनीच्या अंतर्गत तारजाळ्यांतून वांटली, आणि वापरणाऱ्यांच्या पत्रांवरून सुधारीत नेली. कंपनीनें ती बाजारांत आणिली ती मागाहून. ह्या साधनांच्या इतिहासांत असें वारंवार झालेलें दिसतें : त्यांचा उगम धन्याच्या योजनेंत नसून चालविणाऱ्याच्या कंटाळ्यांत असतो.

त्याच काळांत मुंबईची स्थिति काय होती? टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक हा आपल्याच लोकांनीं बांधलेला संगणक कामास लागला. त्याचें स्मरण अवघ्या २,०४८ शब्दांचें होतें. १९६४ सालीं तेथें सीडीसी ३६०० हें मोठें यंत्र आलें. पण यंत्राच्या नुसत्या नांवानें शहाऱ्यासारखी भीति जर कोठें पसरली असेल, तर ती आयुर्विमा महामंडळाच्या कचेऱ्यांत. संगणक आला तर कारकून जाणार, ह्या भयानें तेथील कामगार-संघ उठले. कलकत्त्यास तर यंत्र आंत येऊं नये म्हणून इमारतीवर पहारा बसला. सरकारनें १९६९ सालीं स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिति नेमिली, आणि तिचें अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर यांजकडे दिलें. १९७२ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं व्हीएम/३७० बाजारांत आलें त्याच वर्षीं, समितीचा अहवाल निघाला. बँकांतील संगणकांसंबंधानें नोकर व मालक यांचा करार होण्यास तर १९८३ साल उजाडलें. तो सर्व वाद हातांचा होता : यंत्र किती हातांचें काम हिरावील? यंत्राच्या आज्ञा लिहिण्याची कला कोणाच्या घरांत राहील, हा प्रश्न तेव्हां फारसा कोणास सुचला नाहीं. दांडेकरांसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाच्या काळांतहि तो मागें राहिला, ह्याचें कारण उघड आहे. पोटाचा प्रश्न आधीं उभा राहतो.

तो दुसरा प्रश्न मात्र लवकरच दाराशीं आला. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वयें परदेशी कंपन्यांनीं येथील भांडवलांतील आपला हिस्सा शेंकडा ४० पर्यंत खालीं आणावा, असें सरकारचें म्हणणें पडलें. आयबीएमला तें मान्य झालें नाहीं, आणि १९७८ सालीं ती आपला येथील व्यवहार आटोपून गेली. यंत्रें मात्र कचेऱ्यांतून जागच्या जागीं राहिलीं. त्यांची देखभाल संगणक देखभाल महामंडळ ह्या सरकारी कंपनीनें, म्हणजे सीएमसीनें, हातीं घेतली. कंपनीच्या कांहीं जुन्या नोकरांनीं स्वतःची संस्था काढून धंदा चालू ठेविला. धनी गेला म्हणून कामें बंद पडलीं नाहींत. आयबीएमला घालविणें शहाणपणाचें होतें कीं नव्हतें, ह्यावर आजहि दोन मतें आहेत, आणि त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, यंत्र चालविण्याचें ज्ञान त्या वेळीं येथील माणसांच्या हातांत उतरलेलें होतें, म्हणून तो काळ निभावला.

यानंतर आभासी यंत्राची कल्पना कांहीं वर्षें मागें पडली. यंत्रें स्वस्त झालीं, प्रत्येक टेबलावर एकेक आलें. मग वांटे कशास पाडावयाचे? परंतु स्वस्ताईचाहि एक निराळा खर्च असतो. १९९० नंतर प्रत्येक कामास स्वतंत्र सर्व्हर मांडण्याची चाल पडली, आणि ते बहुतेक वेळ रिकामे बसून वीज खाऊं लागले. त्यांतून, ह्या स्वस्त यंत्रांची इंटेलप्रणीत जात पोपेक-गोल्डबर्गांच्या कसोट्यांस उतरणारी नव्हती. स्टॅनफोर्ड विद्यापीठांत मेंडेल रोझेनब्लम व त्याचे शिष्य यांनीं १९९७ सालीं डिस्को नांवाच्या प्रयोगांत जुन्या कल्पनेचें पुनरुज्जीवन केलें, आणि १९९८ सालीं त्यांनीं व डायान ग्रीन हिनें मिळून व्हीएमवेअर कंपनी काढिली. ग्रीनबाई मूळच्या जहाजबांधणी शिकलेल्या, शिडाच्या होड्या हांकणाऱ्या. आमच्या नाखव्यांस ही गोष्ट आवडेल. ज्या आज्ञा त्या यंत्रावर वांटणीस आड येत, त्या चालतां चालतां दुसऱ्या आज्ञांत फिरविण्याची युक्ति ह्या मंडळींनीं साधिली. २००१ सालीं त्यांचा मोठ्या सर्व्हरांसाठींचा हायपरव्हायजर आला. २००३ सालीं तर चालू असलेलें आभासी यंत्र न थांबवितां एका सर्व्हरावरून दुसऱ्यावर उचलून नेण्याची सोय झाली. जाळ्यांत मासा असतांना कव एका जागेवरून दुसऱ्या जागीं न्यावी, तसें हें होय.

आतां आज्ञालेखाची गरज पूर्वीहून किती तरी वाढली. खरा सर्व्हर विकत घ्यावयाचा तर मागणी, मंजुरी, हुंडी, हमाल, असे महिने जात. आभासी यंत्र उभें करण्यास कांहीं मिनिटें लागतात. जी वस्तु मिनिटांत होते ती माणसें मोजून करीत नाहींत. कोणी परीक्षेपुरतें यंत्र उभें करी आणि विसरून जाई. कोणी जाई तो आपलीं यंत्रें तशींच टाकून जाई. शेंकडों यंत्रांस एकेक करून बटण दाबणें मनुष्याच्या बोटांस शक्य नव्हतें, आणि झालेंच तर प्रत्येक वेळीं सारखें होईल ह्याची शाश्वती नव्हती.

मायक्रोसॉफ्ट कंपनींत जेफ्री स्नोव्हर यानें २००२ सालीं एक टिपण लिहून असें सुचविलें कीं, कारभाऱ्याच्या हातीं चित्रांवर बोट ठेवण्याऐवजीं एक नीट व्याकरणबद्ध भाषा द्यावी. ह्या उद्योगापायीं कंपनींत त्याची पायरी उतरविण्यांत आली, असें तो स्वतःच सांगतो. २००६ सालीं ती भाषा पॉवरशेल ह्या नांवानें निघाली, आणि २००८ सालीं व्हीएमवेअरनें आपल्या आभासी यंत्रांकरितां तिजवर जी साधनें बसविलीं, त्यांस पुढें पॉवरसीएलआय हें नांव पडलें. तिचें व्याकरण मौजेचें आहे. प्रत्येक आज्ञेंत आधीं क्रियापद आणि मागून नाम : गेट-व्हीएम म्हटलें कीं यंत्रांची यादी हातीं येते, स्टार्ट-व्हीएम म्हटलें कीं यंत्र उठतें, रिमूव्ह-व्हीएम म्हटलें कीं तें यादींतून जातें. एका आज्ञेचें फळ नळीवाटे दुसरीच्या ओंजळींत पडतें. उदाहरणार्थ, आभासी यंत्राची एका क्षणींची स्थिति जपून ठेवण्याची जी सोय आहे, तिला स्नॅपशॉट म्हणतात. ती थोडा वेळ उपयोगी, परंतु तशीच राहिली तर तिचें बाड रोज फुगत जाऊन शेवटीं सांठवणाची जागाच खाऊन टाकतें. तीन दिवसांपलीकडे ती ठेवूं नये असा खुद्द कंपनीचा सल्ला आहे. आतां चारशें यंत्रांचे स्नॅपशॉट तपासून जुने तेवढे काढून टाकणें हें माणसास एका रात्रीचें काम. आज्ञालेखांत त्यास एक ओळ पुरते : सर्व यंत्रें आण, त्यांचे स्नॅपशॉट आण, तीन दिवसांहून जुने निवड, ते काढ.

ह्या व्याकरणांतील एक शब्द आम्हांस फार आवडतो. आज्ञेच्या शेवटीं व्हॉटइफ एवढें जोडलें, तर यंत्र ती आज्ञा पाळीत नाहीं. पाळली असती तर काय काय झालें असतें, तेवढें सांगतें. हुकूम देणाऱ्यास हुकमाचें फळ आधीं दाखविणारी अशी सोय जगांतील किती दरबारांत होती?

दुसऱ्या एका परंपरेचा उल्लेख केल्यावांचून हा भाग पुरा होणार नाहीं. १९९३ सालीं ओस्लो विद्यापीठांत मार्क बर्जेस ह्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकानें सीएफएंजिन नांवाचें साधन केलें. त्याचा विचार असा कीं, यंत्रास ‘हें कर, मग तें कर’ असें सांगूं नये. शेवटीं स्थिति कशी असावी एवढेंच लिहून द्यावें, आणि तींत कांहीं उणें दिसेल तेवढेंच यंत्रानें भरून काढावें. असा लेख दहा वेळां चालविला तरी अधिकउणें होत नाहीं. पपेट, शेफ, २०१२ चें अ‍ॅन्सिबल, २०१४ चें टेराफॉर्म, हीं सारीं थोड्याफार फरकानें ह्याच घराण्यांतलीं. लिनक्सच्या गाभ्यांत २००७ सालीं केव्हीएम हा मुक्त हायपरव्हायजर सामील झाला, तेव्हांपासून वांटे पाडण्याची कलाहि कोणा एका कंपनीची राहिली नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या सर्वांचा संसार कसा थाटला गेला, तें आतां थोडक्यांत पाहूं. मुंबईच्या किनाऱ्यास परदेशच्या समुद्रतारा लागतात. शेअरबाजार, बँका आणि रिझर्व्ह बँक येथेंच. २०१५ सालीं मायक्रोसॉफ्टनें पुणें व मुंबई येथें, २०१६ सालीं अ‍ॅमेझॉननें मुंबईस, आणि २०१७ सालीं गूगलनें मुंबईस आपापलीं क्लाउड-केंद्रें उघडलीं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरावरील आभासी यंत्र भाड्यानें घेणें; कोणी त्यास मेघ म्हणतात, आणि सरकारनेंहि आपल्या योजनेस मेघराज असें काव्यमय नांव दिलें आहे. २०१८ च्या एप्रिलांत रिझर्व्ह बँकेनें देवघेवीची सर्व माहिती देशांतच ठेवली पाहिजे असा हुकूम काढिला, त्यानें ह्या इमारतींस आणखी बळ मिळालें. म्हणजे माहिती घरांत आली. परंतु तिचा कारभार चालविणाऱ्या आज्ञा कोणाच्या व्याकरणांत लिहिल्या जातात, ह्याविषयीं त्या हुकमांत कांहीं असण्याचें कारणच नव्हतें.

आज्ञालेखाचे दोष झांकून ठेवणें इतिहासकाराच्या धर्मास शोभणार नाहीं. २०१७ च्या २८ फेब्रुवारीस अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेंतील केंद्रांत एका जाणत्या कामगारानें ठरलेल्या रिवाजाप्रमाणेंच आज्ञा दिली. एक अंश चुकीचा टंकला गेला, आणि थोडे सर्व्हर काढावयाचे ते पुष्कळ निघाले. अमेरिकेंतील असंख्य संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. हातानें केलेली चूक एका यंत्रापुरती असते. लेखी हुकमाची चूक हुकूम पोंचेल तेथपर्यंत पोंचते. आणि दुसरें म्हणजे, हुकूम देणारी जी जागा, तिची किल्ली चोरास सांपडली तर दारें एकेक करून फोडावीं लागत नाहींत. २०२४ च्या जुलैअखेर सी-एज ह्या, लहान बँकांस संगणक-सेवा पुरविणाऱ्या, कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याची शंका येतांच मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळानें तिला आपल्या जाळ्यापासून तोडलें. सहकारी आणि ग्रामीण अशा सुमारें ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशीं, १ ऑगस्टास, जोडणी पूर्ववत् झाली. घुसखोरांनीं वाट काढिली ती जेन्किन्स ह्या साधनांतून, असा निष्कर्ष सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका खाजगी कंपनीनें काढला. जेन्किन्स हें ठरलेलीं कामें आपोआप चालविणारें साधन होय. तीनशें बँकांनीं आपापले कारभारी ठेवण्याऐवजीं एक कारभारी ठेविला, ह्यांत काटकसर होती. धोकाहि त्याच काटकसरींत होता.

शेवटीं ताब्याच्या प्रश्नाकडे वळूं. २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रॉडकॉम कंपनीनें व्हीएमवेअर विकत घेतली, आणि त्याच डिसेंबरांत कायमचा परवाना विकण्याची जुनी पद्धत बंद करून वर्गणीची पद्धत सुरू केली. त्याच वर्षीं ऑगस्टांत टेराफॉर्मच्या धन्यांनींहि आपला मुक्त परवाना आवरता घेतला. तेव्हां ते वापरणाऱ्या मंडळींनीं जुन्या परवान्याखालील मजकूर उचलून ओपनटोफू नांवाची वेगळी चूल मांडली. टेराफॉर्मची कंपनी २०२५ सालीं आयबीएमनें घेतली. अ‍ॅन्सिबल रेड हॅट कंपनीकडे होतें, आणि रेड हॅट २०१९ सालींच आयबीएमकडे गेली होती. ज्या कंपनीच्या केंब्रिजमधील केंद्रांत आभासी यंत्र व आज्ञालेख हीं भावंडें जन्मलीं, आणि जी १९७८ सालीं मुंबईचा बाजार सोडून गेली, तीच फिरून त्यांच्या साधनांची मालकीण झाली आहे.

परंतु १९७८ आणि २०२३ ह्यांत एक भेद आहे. तेव्हां धनी गेला व यंत्र राहिलें. यंत्र उघडून पाहणारे हात येथें होते. आतां धनी जात नाहीं, तो भाडें वाढवितो. एखादी सहकारी बँक किंवा महाविद्यालय व्हीएमवेअर सोडून केव्हीएमकडे, किंवा त्याजवर उभारलेल्या व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सकडे, जाऊं म्हणेल, तर आभासी यंत्रें तिला नेतां येतात. त्यांची बाडें एका रूपांतून दुसऱ्यांत उतरविण्याचीं साधनें आहेत. अडचण येते ती आज्ञालेखांची. रात्रीं बाराला नकला घेणारा, पहाटे तीनला जुने स्नॅपशॉट काढणारा, महिनाअखेरीस व्याजाच्या हिशेबासाठीं यंत्राचें स्मरण दुप्पट करून पुन्हां निम्मे करणारा, असे पंधरा वर्षांत सांठलेले शेंकडों लेख. ज्यांनीं लिहिले ते पुण्याबंगळुरास किंवा परदेशीं निघून गेलेले, आणि अमुक ओळ कां घातली ह्याची टीप कोठेंच नाहीं. क्रियापद एका कंपनीचें, नाम एका कंपनीचें. ते दुसऱ्या व्याकरणांत एकेक ओळ करून पुन्हां लिहावे लागतात, आणि तसें लिहावयाचें तर जुनी ओळ काय करीत होती हें आधीं कळावें लागतें. तें शोधून काढण्यासाठीं आतां कोणी तरी एक तरुण, रात्रीं कचेरींत एकटा बसून, प्रत्येक ओळीच्या शेवटीं व्हॉटइफ हा शब्द जोडून पाहत असतो.